पांगती गावाने जाळी कशी गुंडाळली

पाऊस सरून थंडीची चाहूल लागली की आपल्याकडील शहरांतून व तालुक्याच्या गावांतून पक्षिमित्रांचे मेळावे भरू लागतात. पहाटे तळ्याकाठी फेरी, मग एखाद्या शाळेच्या सभागृहात चित्रे व व्याख्यान, शेवटी चहा आणि आभारप्रदर्शन, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. डॉ. सालीम अली ह्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर, ह्याच दिवसांत येतो; म्हणून पुष्कळ मंडळी तोच मुहूर्त साधतात. हे मेळावे आम्हांस आवडतात. मुलांना पाखरांची नावे कळतात, मोठ्यांची मान घटकाभर वर होते, हे काही थोडे नाही. तथापि एक प्रश्न बहुधा सभागृहाबाहेरच राहतो. पाखरे राखावीत हे सर्वांस मान्य. परंतु ती राखावयाची कोणी, आणि त्यापायी ज्याच्या ताटातले उणे होते त्याने काय करावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर एका खेड्याने प्रत्यक्ष करून दाखविले आहे. ते खेडे आपल्यापासून फार दूर, नागालँडच्या डोंगरांत आहे. परंतु ज्या पाखराची ही हकीकत, ते दरवर्षी आपल्याही मुलखावरून जात असते. म्हणून ती आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या पाखराचे नाव अमूर ससाणा. पारव्याहूनही लहान, वजनाला अवघे दीडशे ग्रॅमच्या आसपास. नर राखाडी रंगाचा व तांबूस पायांचा. मादी पोटाकडे पांढुरकी आणि तीवर काळसर रेघा. सायबेरियाचा आग्नेय भाग, मंगोलिया व उत्तर चीन येथे त्याची वीण होते. तिकडे बर्फाचे दिवस आले की तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे निघतो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो ईशान्य भारतात काही आठवडे मुक्काम करतो, कारण त्या सुमारास तेथे पंख फुटलेल्या वाळवीचे थवेच्या थवे जमिनीतून बाहेर पडतात. ती खाऊन अंगावर चरबी चढली की भारत ओलांडून तो अरबी समुद्रावर झेपावतो. हा जमिनीवरचा पक्षी. पाण्यावर त्याला बसता येत नाही. म्हणजे आफ्रिकेचा किनारा लागेपर्यंत, रात्र असो वा दिवस, त्याने उडतच राहिले पाहिजे. नागालँडच्या मुक्कामात पोट भरले नाही, तर पुढे समुद्र आहे.

आता गावाकडे वळू. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधले गेले. ७५ मेगावॅटचे ते केंद्र २००० साली सुरू झाले. धरणाच्या पाण्याखाली पांगती व आसपासच्या गावांतील लोथा नागा लोकांची सुपीक शेते गेली. शेते गेली तेव्हा लोकांनी मासेमारीची जाळी हाती घेतली. पुढे त्याच जलाशयाच्या काठच्या झाडांवर हे ससाणे लाखांच्या संख्येने रात्रीच्या वस्तीला उतरू लागले. पाण्यातले जाळे झाडांच्या उंचीवर ताणायला फार वेळ लागला नाही. सायंकाळी परतणारी व पहाटे उठणारी पाखरे त्यांत अडकत आणि स्वस्त दराने बाजारात जात. त्या पैशातून मुलांच्या शाळेचे शुल्क भरले जाई, तांदूळ येई.

२०१२ सालच्या ऑक्टोबरात रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, बानो हरालू व रोकोहेबी कुओत्सू हे चौघे निसर्गप्रेमी तेथे पोहोचले. त्यांनी जे पाहिले त्याची चित्रफीत तयार करून जगापुढे मांडली. दिवसाला बारा ते चौदा हजार, आणि त्या एका हंगामात सव्वा लाखाहून अधिक ससाणे पकडले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. बातमी देशोदेशी गेली. सरकारी अधिकारी आले, जाळी जप्त झाली, वर्तमानपत्रांतून गावावर टीकेचा वर्षाव झाला. त्या वेळी गावकऱ्यांच्या मनास काय वाटले असेल, हे ज्यांच्या जमिनी कधी धरणाखाली गेल्या आहेत अशा आमच्या वाचकांना सांगावयास नको. आपली शेते बुडाली तेव्हा जग आले नाही. पाखरांसाठी मात्र आले!

गोष्ट येथेच थांबली असती, तर जाळी पुढच्या वर्षी अधिक आत, अधिक अंधारात लागली असती. परंतु बानो हरालू ह्या नागा पत्रकार भगिनी व त्यांचे सहकारी ह्यांनी गावे सोडली नाहीत. पांगती, आशा व सुंग्रो ह्या तीन गावांत त्यांनी बैठकांवर बैठका घेतल्या. ग्रामसभेची वडीलधारी मंडळी, जाळी लावणारे कोळी, जमिनीचे मालक, शिक्षक, स्त्रिया ह्या सर्वांशी बोलणे झाले. हे पाखरू कोठून येते, कोठे जाते, किती देश ओलांडते, हे सांगितले गेले. मुलांसाठी निसर्गमंडळे निघाली. त्या प्रदेशातील बहुतेक कुटुंबे बॅप्टिस्ट पंथाची. तेथील धर्मोपदेशकांनीही व्यासपीठावरून हा विषय लोकांपुढे ठेवला. आणि २०१३ चा हंगाम येण्यापूर्वी ग्रामसभांनी आपणहून ठराव केला, की ससाणा पकडावयाचा नाही, पकडील त्यास गाव दंड करील. त्या वर्षी एकही ससाणा जाळ्यात मारला गेला नाही, असे नोंदले गेले. एका वर्षात लाखावरून शून्यावर!

हे कसे घडले, ह्याचा विचार करता आम्हांस तीन गोष्टी दिसतात.

पहिली ही, की निर्णय गावाचा होता. वन्यजीव संरक्षणाचा कायदा देशात १९७२ पासून आहे. पांगतीच्या झाडांवर जाळी लागत होती तेव्हाही तो होता. परंतु नागा मुलखात जमीन व रान बहुतांशी गावाच्याच मालकीचे, आणि माणूस वागतो तो ग्रामसभेच्या शब्दाने. शेजाऱ्याच्या डोळ्यांस डोळा देताना जी लाज वाटते, ती शिपायाच्या काठीने वाटत नाही.

दुसरी ही, की ज्याच्या हाती जाळे होते त्याला बाहेर उभे केले नाही. ज्यांच्या जमिनीवर पाखरे उतरत, आणि जे पूर्वी ती पकडीत, त्यांचाच पुढे एक संघ झाला व तोच वस्तीची राखण करू लागला. पाखराच्या सवयी पारध्याइतक्या कोणास ठाऊक असतात? ते ज्ञान शिकारीऐवजी राखणीस लागले.

तिसरी गोष्ट मुलांची. २०१३ च्या नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेच्या व हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅम वजनाची, उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविली आणि त्यांची नावे नागा, वोखा व पांगती अशी ठेविली. आपल्या गावाचे नाव धारण करणारे पाखरू समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचले, ही वार्ता शाळकरी पोरांनी घरोघर नेली. नागा ह्या नराने सुमारे साडेपाच दिवसांत ५,६०० किलोमीटर अंतर न थांबता कापल्याची नोंद आहे. पुढच्या वर्षी नागा व पांगती पुन्हा दोयांगच्या काठी आले. ज्याला नाव दिले, ज्याची वाट पाहिली, त्याला मारावयास हात उचलत नाही.

परंतु वाचकहो, ह्या गोष्टीला दुसरीही बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. जाळी गुंडाळली त्या दिवशी कित्येक घरांची हंगामी मिळकत थांबली. पाखरे पाहावयास पाहुणे येऊ लागले, काही घरांतून त्यांच्या राहण्याजेवणाची सोय झाली. तरी हा पैसा प्रत्येक जुन्या जाळेवाल्याच्या चुलीपर्यंत पोहोचतोच असे नाही. शिवाय एका गावाचा ठराव सगळ्या डोंगरांना बांधीत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात शेजारच्या मणिपूर राज्यात, तामेंगलाँग येथे, मणिपूर ह्याच नावाच्या एका ससाण्यास असेच यंत्र बसविले गेले होते. काही दिवसांतच तो बंदुकीच्या गोळीला बळी पडला. म्हणजे हे काम एका मेळाव्याने उरकत नाही. दरवर्षी पाखरू येते, तसे दरवर्षी पुन्हा बसावे लागते, पुन्हा बोलावे लागते.

आपल्या गावांत अमूर ससाण्यास कोणी जाळे लावीत नाही, हे खरे. पण लावे, तितर, होले, हरोळ्या व पाणकोंबड्या ह्यांच्यासाठी फासे लागतात, बगळ्यांच्या वसाहतीखालून पिले उचलली जातात, हे कोणास ठाऊक नाही? आणि ते करणारा आपलाच कोणी काका, मामा वा शेजारी असतो. कधी हौस असते, कधी खरीच नड असते. त्याला गुन्हेगार म्हणून मोकळे होणे सोपे. त्याला बैठकीत बोलावणे कठीण.

म्हणून पक्षिमित्र मंडळींस आमची विनंती, की पुढचा मेळावा तालुक्याच्या सभागृहात न भरविता एखाद्या वाड्यावर, चॅपेलच्या अंगणात भरवावा. रविवारची मिस्सा आटोपली की माणसे तेथे असतातच. पहिली खुर्ची फासे लावणाऱ्यास द्यावी आणि आधी त्याचे ऐकावे. कोणत्या महिन्यात कोणते पाखरू येते, पूर्वी किती येत, आता किती, हे तो वहीभर सांगेल. ती वही शाळेतल्या मुलांनी लिहून ठेवावी. मग गावाने आपसांत ठरवावे, की विणीच्या महिन्यांत कोठे हात लावावयाचा नाही, वसाहतीचे झाड कोणी तोडावयाचे नाही, आणि ज्याचे ह्यात नुकसान होते त्याला गाव काय हात देणार. ह्यातले शेवटचे कलम वगळले, तर आधीची कागदावरच राहतील.

आणि नोव्हेंबर सरता सरता, कापणी झालेल्या शेतावरून चतुर टिपीत जाणारे लहान ससाण्यांचे थवे दिसले, तर मुलांना अंगणात बोलवा. त्यांना सांगा, की ह्यांच्यापैकी कित्येकांनी काही दिवसांपूर्वी दोयांगच्या काठी रात्र काढली असेल; तेथल्या माणसांनी आपल्या पोटाला चिमटा घेऊन त्यांना पुढे जाऊ दिले, आणि आता त्यांच्यापुढे समुद्र आहे.