कुलगुरू गेले, पद्धत बदलली का?

2017 आठवतंय? मुंबई विद्यापीठाने 17 लाखांहून जास्त उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. सगळ्या शाखा, एकाच हंगामात! राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली. गिरगाव, दादर, लालबागची पोरं निकालाविना पुढच्या प्रवेशासाठी ताटकळली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना हटवलं. झालं, विषय संपला?

नाही. सॉफ्टवेअरवाले ज्याला डेव्हऑप्स म्हणतात, ते याच दुखण्यावरचं औषध आहे. प्रणाली बनवणारे आणि ती रोज चालवणारे एकाच टेबलावर बसतात. बदल छोटा करायचा, आधी एखाद्या विषयापुरता. रोज तपासायचं. बिघडलं तर लगेच जुन्या पद्धतीवर परत यायचं.

“एवढ्या मोठ्या संस्थेत हे जमत नाही,” म्हणतात. अहो, मोठी आहे म्हणूनच छोटी पावलं टाका! आधी कळस, मग पाया, हे किती दिवस चालणार?

म्हणून उद्या कुठलंही नवं पोर्टल आलं की तीनच प्रश्न विचारा. आधी कुठे चालवून पाहिलं? वापरणाऱ्यांना विचारलं का? बिघडलं तर मागे कसं येणार?

उत्तर नसेल, तर उद्घाटनाची फीत कापू देऊ नका.