मुलाचे हित प्रथम

कल्याणसारख्या मोठ्या रेल्वे स्थानकावर रात्रीच्या गाडीतून दहा वर्षांचा एक मुलगा एकटाच उतरला आहे, अशी कल्पना करावी. खिशात पैसा नाही, बरोबर कोणी वडीलधारे माणूस नाही. येणारेजाणारे त्याच्याकडे पाहतात. कोणी म्हणतो, ‘हा चोर असावा.’ कोणी म्हणतो, ‘घरातून पळालेला उनाड पोरगा दिसतो.’ तो भुकेला आहे काय, भ्यालेला आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो.

कायद्याला या प्रश्नाचेच महत्त्व अधिक वाटते. बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यात सोळा मूलतत्त्वे सांगितली आहेत. अठरा वर्षांखालील मुलाविषयी कोणताही निर्णय घेताना त्याच्या हिताचा विचार प्रथम करावा, हे त्या सर्वांचे सार होय. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली संमत केलेल्या बालहक्क संहितेतही हे तत्त्व आहे. भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली.

असे एकाकी मूल ज्याला आढळेल, त्याने चोवीस तासांच्या आत पोलिसांना किंवा १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर कळविले पाहिजे. संकटातील मुलालाही हा क्रमांक स्वतः फिरविता येतो. त्याला पैसे पडत नाहीत. मग प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेतात. समितीने त्याचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे असते. त्याला स्वगृही पोहोचविणे हा पहिला मार्ग. बालगृहात ठेवणे हा अखेरचा. परवानगीवाचून त्याचे नाव वा छायाचित्र वर्तमानपत्रात छापता येत नाही. त्याला कमीपणा आणणारे शब्दही वापरू नयेत, असे कायदा बजावतो.

कोणी विचारील, ‘मूल आईबापांचे; तेथे कायद्याने हात का घालावा?’ मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, हे कायदाही मानतो. परंतु ज्या घरी रोज मार बसतो, ज्या घरी शाळा सोडवून मुलाला कामाला जुंपतात, त्या घरी त्याला काही न विचारता परत धाडणे न्यायाचे होईल काय? पळून आलेल्या मुलाचे दुःख त्याचे त्यालाच ठाऊक असते. ते ऐकल्यावाचून त्याचे हित कशात आहे हे कळणार नाही. मूल म्हणेल ते सर्वच मान्य करावे, असा याचा अर्थ नव्हे. निर्णय वडीलधाऱ्यांनीच घ्यावा. पण मुलाचे ऐकून मग घ्यावा.

तथापि ही तत्त्वे केवळ समितीने पाळून भागत नाही. बालगृहातील पुष्कळ मुले इतर मुलांबरोबर गावातल्या शाळेत शिकतात. अशा मुलाला टोपणनाव ठेवून चिडविणारा वर्ग कायद्याचे तत्त्व पायदळी तुडवितो. त्याला आपल्या बाकावर जागा करून देणारा विद्यार्थी मात्र, कायद्याचे एक अक्षरही न वाचता, ते तत्त्व पाळीत असतो.