केसाचा लक्षांश

तीस मीटर व्यासाचा आरसा एकसंध ओतणे आजवर कोणालाही साधलेले नाही. म्हणून ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ या नियोजित दुर्बिणीचा आरसा 492 षट्कोनी तुकड्यांचा ठरला. पण तुकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे आरसा झाला, असे नव्हे. दुर्बीण कलली की पोलाद वाकते, वारा धक्के देतो, रात्र थंडावते. म्हणून प्रत्येक तुकड्यामागे तीन, म्हणजे एकूण 1,476 ॲक्च्युएटर त्यास सतत सावरीत राहावयाचे. कडांवरील संवेदकांनी शेजाऱ्याच्या पातळीतील फरक कळवीत राहावयाचा. तो फरक मोजावयाचा नॅनोमीटरांत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ढोबळ मानाने केसाच्या जाडीचा लक्षांश!

2014 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पातील सहभागास मान्यता दिली. वाट्याचा मोठा भाग रोख नव्हे, तर वस्तुरूपाने द्यावयाचा होता, आणि त्यात नेमके हे ॲक्च्युएटर, संवेदक व आधार-सांगाडे होते. बंगळूर, पुणे व नैनिताल येथील संस्थांनी धुरा वाहिली, देशी कारखान्यांनी नमुने घडविले. नैनितालजवळ देवस्थळ येथे 2016 साली सुरू झालेल्या 3.6 मीटर दुर्बिणीचा आरसा 69 ॲक्च्युएटरांवर तोललेला आहे. ती दुर्बीण बेल्जियमच्या कंपनीने बांधून दिली. विकत घेण्यात आम्ही कमीपणा मानीत नाही. परंतु विकत घेणारा आणि घडविणारा यांच्यातील अंतर केवळ पैशांचे नसते.

आता हा प्रकल्पच अधांतरी आहे. हवाईतील मौना केआ हे शिखर तेथील मूळ रहिवासी पवित्र मानतात. 2015 व 2019 साली त्यांनी वाट अडविली. डोंगरात देव पाहणाऱ्या आपल्या समाजाने तरी त्यांना हसू नये. पुढे 2025 साली अमेरिकी शासनानेही आपल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात या दुर्बिणीस पुढील टप्प्यात न नेण्याची भूमिका घेतली.

मग आपल्या कारागिरांनी कमावलेल्या हाताचे काय? असे कसब कागदपत्रांत जतन होत नाही. पुढचे काम मिळाले नाही, तर तो जोडारी दुसऱ्या कारखान्यात साधे सुटे भाग करू लागेल, आणि दहा वर्षांनी आपण पुन्हा परदेशी निविदा उघडीत बसू. हिमालयात तुकड्यांच्या आरशाची मोठी दुर्बीण उभारावी, ही योजना भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मांडलेलीच आहे. मौना केआवरील निर्णयाची वाट न पाहता केंद्र शासनाने तिच्या ॲक्च्युएटरांचे काम याच कारखान्यांना आजच द्यावे.