गाळा कुणाचा?

फुलसावंगीचं नाव 2021 च्या ऑगस्टमध्ये देशभर पोचलं ते एका यंत्रापायी. इथल्या एका तरुण कारागिराने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर उभं केलं होतं. चाचणीच्या वेळी अपघात झाला आणि तो गेला. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं कापूस-सोयाबीनचं गाव, आणि तिथल्या पोराला आभाळात जायचं होतं. यंत्राने माणूस मेला हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं, सगळे हळहळले.

मला लिहायचं आहे ते यंत्र वेगळं. त्याने मारलेला माणूस कुणाला दिसत नाही.

ते अमुक गावात, अमुक गल्लीत आहे असं मी म्हणत नाही. ते शोधणं पोलिसांचं काम. आपल्या भागातलं बाजाराचं कुठलंही मोठं गाव डोळ्यांसमोर आणा. एसटी स्टँडच्या अंगाला गाळ्यांची रांग असते. मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स, कृषी केंद्र, चहाची टपरी. त्यातल्या एका गाळ्यावर ‘व्हिडिओ गेम’ किंवा नुसतंच ‘ऑनलाइन’ अशी पाटी आणि दाराला निम्म्यापर्यंत पडदा. आत कूलरची घरघर, चार-पाच स्क्रीन, प्रत्येकीवर रंगीत चक्री. काउंटरवरच्या पोराच्या हातात नोट ठेवली की तो पॉइंट टाकतो. कागद नाही, पावती नाही. चक्री फिरते, थांबते, पुन्हा फिरते.

अशाच एका गाळ्यासमोर मी चहा घेत उभा होतो. शेजारच्या ओट्यावर एक बाई रिकामी थैली मांडीवर घेऊन बसली होती. कापूस खेडा खरेदीत मोजून झाला होता, चुकारा हातात आला होता आणि आता बाजार करायचा होता. मालक कुठे आहेत म्हणून विचारलं तर म्हणाली, “आतच हायेत. पाच मिन्टं म्हणले व्हते.” माझा चहा संपला, ऊन टपरीच्या पत्र्यावरून खाली उतरलं, तरी पाच मिनिटं काही संपली नाहीत. पडद्याकडे ती एकदाही बघत नव्हती. बघितलं तर लोकांना कळेल, ही तिची भीती. लाज तिला वाटत होती. ज्याने आत मशीन मांडली त्याला नव्हती, ज्याने त्याला जागा दिली त्यालाही नव्हती.

तिच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांनी नखांच्या कडा फाटलेल्या. वेचणीचा भाव किलोला दहा रुपये धरला, तर शंभराच्या एका नोटेत दहा किलो कापूस. पडद्याआड ती नोट एका मिनिटाची.

आता हिशेब करू, कारण या धंद्याला हिशेबाइतकं दुसरं कशाचंच भय नाही. चक्रीवर शून्य ते नऊ असे दहा आकडे असतात आणि आकडा लागला तर नऊपट पैसे मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावा. शंभर गेले, नव्वद आले. म्हणजे दर फेऱ्याला शंभरामागे दहा रुपये मालकाचे, कुणीही जिंको. आलेले नव्वद पुन्हा लावले तर एक्याऐंशी उरतात. असे वीस फेरे झाले की सरासरीने शंभरातले बारा रुपये शिल्लक. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. एका क्विंटलचे हे पैसे वीस फेऱ्यांत हजाराच्या आत येतात, आणि फेरा मिनिटाचा असेल तर वीस फेऱ्यांना वीस मिनिटं लागतात. नांगरटीपासून वेचणीपर्यंतचे सहा-सात महिने वीस मिनिटांत गेले. हा हिशेब चक्री इमानदार असेल तर. ती कुठल्या संगणकावरून चालते आणि तो कुणाच्या हातात आहे, हे समोर बसलेल्याला कधीच कळत नाही.

बाहेर आल्यावर तो माणूस म्हणणार, “नशीब नाही आपलं.” हा शब्द आपणच त्याच्या तोंडात घातला आहे. शेती म्हणजे पावसाशी खेळलेला जुगार, हे वाक्य आपण शाळेच्या निबंधात लिहितो, भाषणात टाळ्या घेण्यासाठी वापरतो. मला ते कधीच पटलं नाही. पावसाला गल्ला नसतो. मृग कोरडा गेला म्हणून त्यातून कुणी शंभरामागे दहा कापून घेत नाही. चक्रीला मात्र मालक आहे, त्या मालकाला वरचा मालक आहे आणि प्रत्येकाचा वाटा ठरलेला आहे. ज्याला वाटेकरी आहेत त्याला नशीब म्हणायचं नाही. तो धंदा आहे.

यात एक क्रूर गंमत अशी की मटक्याचा जन्मही कापसातूनच झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, हे आकडे तारेने मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला येत. त्यांवर पैजा लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले. 1961 मध्ये ते भाव येणं थांबलं, तेव्हा कापूस वगळून नुसता आकडाच ठेवला गेला. 1962 मध्ये कल्याणजी भगतने ‘कल्याण’ सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्रीने ‘न्यू वरळी’. आपल्याकडे वरली मटका म्हणतात तो हाच. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळच्या माणसाच्या वाट्याला भाव आला नाही, भावावरचा जुगार तेवढा आला. तरी मटक्यात दिवसातून दोनदा आकडा फुटायचा. पट्टी लावून माणूस वखराला जायचा, मध्ये डोकं थंड व्हायला अवसर होता. चक्रीने तो अवसर काढून घेतला. मटका आणि मशीन यांत फरक आहे तो इथे, आणि म्हणून ‘जुगार काय, पांडवांच्या काळापासून आहे’ हे पारावरचं शहाणपण इथे चालत नाही. धर्मराजाच्या फाशांनाही दर मिनिटाला पडायची घाई नव्हती.

पण त्या पडद्याआडच्या माणसाला दोष देऊन हात झटकणाऱ्यांना माझे काही प्रश्न आहेत.

गाळा कुणाचा आहे? ज्या गाळ्याला किराणा दुकानदार जेवढं भाडं देईल त्याच्या कितीतरी पट भाडं हा पडदेवाला देतो, तेव्हा ते कशाचं भाडं आहे हे घरमालकाला ठाऊक नसतं काय? तोच मनुष्य सकाळी हरिपाठाला बसतो. गणपतीच्या वर्गणीत सर्वांत मोठी पावती कुणाच्या नावाची फाटते, आणि ती फाडताना मंडळाचे कार्यकर्ते कुठे बघत असतात? दारू विकणाऱ्याकडे निदान तोंड वाकडं करून बघतात. आकडा घेणारा मात्र ‘भाऊ’ असतो, लग्नाच्या पत्रिकेत प्रेषक असतो, निवडणुकीत उमेदवार असतो.

आणि पोळा? बैलाच्या शिंगांना बेगड लावायची, त्याला पुरणपोळी चारायची आणि संध्याकाळी त्याच्याच मानेवर पिकलेला पैसा पत्त्यांवर उधळायचा, ही चाल विदर्भात आपण परंपरा म्हणून मिरवतो. ओट्यावर बापाच्या मांडीला मांडी लावून बसलेलं पोर तीन पत्ती तिथेच शिकतं. मशीनवाल्याला त्याला नव्याने काही शिकवावं लागत नाही.

सरकारही यातून सुटत नाही. लोकांना मटक्यापासून वळवायचं म्हणून 12 एप्रिल 1969 ला राज्याने स्वतःची लॉटरी काढली. म्हणजे रोग हटवायला त्याचंच दुकान मांडलं. 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला. तो कधी अमलात आणला नाही आणि रद्द केला तो थेट 2023 मध्ये. गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत अशा मशीनना दार उघडलं, पुढे मांडवीत जहाजं उभी राहिली आणि 2020 मध्ये खुद्द गोवेकरांनाच कॅसिनोत जायला बंदी घातली. घरच्या ताटाला विटाळ नको, पाहुण्याला वाढायला हरकत नाही. त्या पाहुण्यांत आपली माणसं पुष्कळ आहेत.

2025 च्या जुलैत विधान परिषदेत राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असं माणिकराव कोकाटे यांनी सांगितलं. ते खरं धरू. पुढे त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. त्यावर पारापारावर विनोद झाले, आणि माझी तक्रार त्या विनोदांबद्दल आहे. ज्या गोष्टीवर जिल्ह्याने संतापायला हवं होतं तिच्यावर जिल्हा हसला.

पुढच्याच महिन्यात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे त्यातलं मोठं शहाणपण. 45 कोटी लोकांना या खेळांची झळ बसते आणि 20 हजार कोटींवर पैसा बुडतो, हा केंद्र सरकारचाच अंदाज. मोठे ॲप बंद झाले. पडद्यामागच्या गाळ्यात नोट हातातून हातात जाते, तिथे दिल्लीचा कायदा आपोआप पोचत नाही.

तिथे लागतो तो राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा, 1887 सालचा. वर्तमानपत्रात छाप्याची बातमी आपण नेहमी वाचतो: इतके जण ताब्यात, रोख रक्कम, मोबाइल, दुचाकी, असा एकूण इतक्या रुपयांचा मुद्देमाल. खेळणाऱ्यांची नावं गावासकट छापून येतात, त्यांच्या पोरीबाळींना शाळेत मान वर करता येत नाही. गाळा कुणाचा, हे त्यात क्वचितच वाचायला मिळतं. वास्तविक याच कायद्याच्या कलम 4 मध्ये जाणूनबुजून अशा अड्ड्याला जागा वापरू देणारा मालकही गुन्हेगार ठरतो. कायदा जुना असेल, दात पडलेला नाही. आपणच त्याला तोंड उघडू देत नाही.

शेतकरी आत्महत्येच्या मदतीसाठी 2006 पासून नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे बघून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. चक्रीत गेलेला चुकारा त्या कागदांत कुठेच उमटत नाही. कर्ज दिसतं, आलेला पैसा कुठल्या पडद्याआड गेला ते दिसत नाही. मात्र याचा उलटा अर्थ काढून ‘शेतकरी जुगारापायी मरतात’ असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. भाव पडतो, पीक जातं, सावकार दारात येतो, आणि बुडणारा माणूस काडीला हात घालतो. गाळेवाला त्याला ती काडी विकतो.

उपाय परदेशात सापडत नाहीत असं नाही. नॉर्वेने 2007 मध्ये सगळी जुनी मशीन उचलली आणि पुढे आणली ती खेळणाऱ्याच्या कार्डाची आणि रकमेला मर्यादा असलेली. ब्रिटनने 2019 मध्ये दुकानातल्या मशीनवर एका डावाला लावायची रक्कम शंभर पौंडांवरून दोनवर आणली. दोघांनीही बोट ठेवलं ते खेळणाऱ्याच्या चारित्र्यावर नाही, मशीनवर. आपल्याकडे पोरांच्या खऱ्या व्हिडिओ गेमला परवाना असू द्या, पण पडदा नको, पॉइंटच्या बदल्यात रोकड नको, शाळेजवळ गाळा नको; एकदा जुगार सापडला की परवाना कायमचा जावा आणि मशीन ठाण्यातून परत न मिळता मोडीत निघावी.

त्याहून मोठा उपाय याच राज्यात आहे. 2008 च्या नियमाने दारूच्या दुकानाविरुद्ध बायांना मतदानाचा हक्क दिला: चौथा हिस्सा महिला मतदारांनी मागणी करायची, निम्म्याहून जास्त बायांनी गुप्त मतदानात ‘आडवी बाटली’ निवडली की दुकान बंद. गेम पार्लरच्या परवान्यालाही हाच नियम लावा. ओट्यावर रिकामी थैली घेऊन बसलेल्या त्या बाईला पडद्याकडे बघायची भीती वाटते, पण मतपेटीपुढे तिला कुणी बघत नाही. ज्याला सवय जडली आहे त्याला ठाण्याआधी डॉक्टरकडे न्या. मानसिक आधारासाठी 14416 हा सरकारी फोन फुकट आहे, एवढं तरी कृषी केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवा.

तोवर एक काम करता येतं. येत्या ग्रामसभेत अर्ज द्या: आमच्या गावात कुणाच्या गाळ्यात मशीन चालते, भाडेकराराचं आणि परवान्याचं वाचन व्हावं. अर्ज साध्या कागदावर चालतो. ग्रामपंचायतीकडून पोच मात्र घ्या.