सही करण्याआधी

संसार मोडायला आला की आपल्याकडे आधी बैठक बसते. मुलीचे अब्बा, मामू, मुलाकडचे चाचा, जमातीतले दोन-तीन जाणते लोक. बैठकीला माझा विरोध नाही. सूरह निसाच्या ३५व्या आयतीत पती-पत्नीत बेबनाव झाला तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितले आहे, आणि तेही समेटासाठी. अडचण आहे ती बैठक उठताना पुढे येणाऱ्या कागदाची. स्टॅम्पपेपर बऱ्याचदा टाइप करूनच आणलेला असतो. मुलगी आतल्या खोलीत बसलेली. कागद आत जातो, सहीच्या जागेवर बोट ठेवले जाते आणि ती सही करते. वाचून दाखवायची तसदी कुणी घेत नाही. घाई असते ती पुरुषांना घरी जायची.

भगिनींनो, त्या कागदात काय असते ते पाहा. एक वाक्य असते, ‘आम्ही परस्पर संमतीने वेगळे राहत आहोत.’ ऐकायला किती सभ्य! पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (पूर्वी हेच कलम १२५ होते) स्पष्ट लिहिले आहे की, परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला पोटगी मिळत नाही. म्हणजे नवऱ्याने हाकलून दिले असले तरी त्या एका ओळीने ती आपणहून बाहेर पडलेली ठरू शकते. दुसरे वाक्य, ‘माझी आता कसलीही मागणी नाही.’ तलाकनंतर स्त्रीने स्वखुशीने पोटगीचा हक्क सोडला असे दिसले तर कोर्ट आधी दिलेला आदेशही रद्द करू शकते. तिसरे, ‘मेहर आणि सामान मिळाले.’ मिळालेले नसते, पण ही पावती झाली. आणि चौथे, ‘मी स्वतः खुला मागत आहे.’ सोडायचे असते त्याला, कागद मात्र म्हणतो की सोडून ती जाते आहे, आणि खुला म्हटला की मेहरवर पाणी सोडणे आलेच. तुम्हाला खरोखर खुला हवा असेल तर जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण त्याच्या तलाकला तुमच्या खुल्याचे नाव देऊ नका.

सही झालीच असेल तरी सगळे संपले असे समजू नका. पोटगीचा हक्क सोडून देणारा करार लोकहिताच्या विरुद्ध आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. फक्त लढाई लांबते आणि त्या कागदाचा खुलासा करत बसावे लागते. म्हणून बैठकीत एवढेच म्हणा, ‘कागद माझ्याकडे ठेवा, वाचून सांगते.’ ज्याच्या मनात खोट नाही तो आठ दिवस थांबेल.

आता तलाकबद्दल. पुष्कळ बायका ‘त्याने दिला म्हणे’ एवढ्यावरच स्वतःला तलाकशुदा मानतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे २००२ साली दगडू पठाण विरुद्ध रहिमबी हे प्रकरण आले. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचे म्हणणे होते की, तलाक झालेला आहे. पूर्णपीठाने सांगितले की, नुसते म्हणून चालणार नाही. तलाकला वाजवी कारण होते, त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता आणि तलाक खरोखर उच्चारला गेला, हे नवऱ्याने कोर्टात सिद्ध केले पाहिजे. कोर्टाने हे कुराणातल्या तलाकच्या रीतीचाच आधार घेऊन म्हटले. मराठवाड्यातल्या पोटगीच्या एका दाव्यातून निघालेला हा निकाल आपल्या मुलींना शाळेतच सांगायला हवा, असे मला वाटते.

एका दमात तीनदा दिलेला तलाक, मग तो तोंडी असो, चिठ्ठीवर असो वा मोबाइलवर, २०१९ च्या कायद्याने निरर्थक आहे. निकाह कायम राहतो. या कायद्यातल्या तुरुंगवासाच्या तरतुदीवर आपल्या समाजात मतभेद आहेत, ते असोत. त्याच कायद्यात स्वतःच्या आणि मुलांच्या निर्वाहासाठी मॅजिस्ट्रेटकडे रक्कम मागता येते, ते मात्र कुणी सांगत नाही. नवरा तुरुंगात गेला तर घरात पीठ येत नाही.

आणि हे सगळे मागायला जायचे कुठे? शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके, मध्ये भीमा. इकडची लेक तिकडे दिलेली, तिकडची इकडे. भांडण झाले की मुलगी न्हावरे-चौफुला रस्त्याने माहेरी येते आणि लोक म्हणतात, ‘आता पुण्याच्या फॅमिली कोर्टात खेपा घाल.’ या दोन तालुक्यांतल्या पोटगीच्या अर्जासाठी पुण्याला जायची गरज नाही. कायदा सांगतो की, पत्नी जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. सासर दौंडचे असले आणि तुम्ही शिरूरला अम्मीकडे असलात तर अर्ज शिरूरच्या कोर्टात, आणि तारखेला दौंडहून यायचे त्याने. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचेही तसेच आहे. तुम्ही तात्पुरत्या राहत असलात तरी तिथले कोर्ट चालते. तो अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात. राहत्या घराचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, सगळे त्या एका अर्जात मागता येते आणि त्यासाठी तलाक झालेला असण्याची अट नाही.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीत तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक. मोफत वकील म्हणजे कच्चा वकील, हा समज सोडा.

मात्र उशीर करू नका. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. ‘समजूत पटेल, ईद होऊ दे’ म्हणत सहा महिने गेले तर ते सहा महिने तुमच्या हिशेबात येत नाहीत. समेटाची बोलणी अर्ज केल्यावरही चालू ठेवता येतात, उलट जरा लवकर होतात. इद्दतमध्ये असाल तरी वाट पाहू नका. १९८६ च्या कायद्याप्रमाणे तलाक दिलेल्या पत्नीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तजवीज नवऱ्याने इद्दतच्या मुदतीतच करायची असते. ती तजवीज तीन महिन्यांपुरती नव्हे, हे २००१ च्या डॅनियल लतिफी निकालाने पक्के झाले. आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोटगीचे सर्वसाधारण कलमही तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला खुले आहे. मुलांचा खर्च तर त्याहून वेगळा. आईचे काहीही ठरो, मुले सज्ञान होईपर्यंत बापाने त्यांना पोसले पाहिजे, असा १९९७ चा निकाल आहे.

पहिल्या आठवड्यात करायचे काम म्हणजे कागद गोळा करणे. निकाहनाम्याची प्रत नसेल तर ज्या काझींनी निकाह पढवला त्यांच्याकडून घ्या. नवरा रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत कामाला असेल तर कंपनीचे नाव, जमल्यास पगाराची स्लिप. ऊस असेल तर सातबारा ऑनलाइन निघतो, गट नंबर ठाऊक हवा. दोन्ही बाजूंना उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावेच लागते, आणि नवरा ‘मी बेकार आहे’ असे लिहून देतो तेव्हा हेच कागद बोलतात. दागिन्यांच्या पावत्या, वलीम्याचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, तुमचे आधार आणि बँकेचे पुस्तक. मोबाइलमधले मेसेज रागाच्या भरात पुसू नका. शाळेचा दाखला बाप काढू देत नसेल तर घाबरू नका. शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत दाखल्याच्या उशिरापायी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

हाताशी काहीच नसेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. घटस्फोटाची कार्यवाही चालू असलेली आणि घटस्फोट होऊन पोटगी न मिळणारी स्त्री तिथे पात्र ठरते. महिन्याला १,५०० रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० ही फार तुटपुंजी आहे, तरी विचारून पाहावे.

राहिले मन. माहेरी आलेल्या मुलीला पहिला महिना सगळे जपतात. मग भावाच्या लग्नाची बोलणी निघतात, पाहुणे यायचे असले की तिला आत बसवले जाते. ती जास्तीची भांडी घासू लागते, कमी जेवू लागते. अम्मींनो, याकडे लक्ष ठेवा. भाभीला दोष देऊ नका, दोन खोल्यांत तिचीही कोंडी होते. घरखर्चात मुलीचा वाटा किती, तिची झोपायची जागा कोणती, हे अब्बांनी एकदाच मोकळेपणाने ठरवून टाकावे; टोमणे तिथेच निम्मे होतात. झोप लागत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर टेलिमानसला १४४१६ वर फोन लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते. मारहाणीची भीती असेल तर ११२ किंवा १८१.

आणि कोर्टाच्या तारखेला तिला एकटी पाठवू नका. भाऊ कामावर जातो, अब्बांना लाज वाटते, मग ती लहान मूल कडेवर घेऊन एकटीच बाकावर बसते आणि समोर सासरचे पाच जण. तिथेच, व्हरांड्यात, ‘मिटवून टाक’ म्हणत तोच स्टॅम्पपेपर पुन्हा पुढे येतो. मोहल्ल्यातली एखादी आपा, खाला, शेजारीण, कुणीही एकजण सोबत जावी. तिला कायदा कळायची गरज नाही. डबा बांधून न्यावा, मूल सांभाळावे आणि वकील आल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही होऊ देऊ नये.