नोंदणी १५ वर्षांची, तर सुटे भागही १५ वर्षे : जयपूरच्या मोटारसायकलस्वारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार
मा. सचिव, रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, भारत सरकार
मा. परिवहन आयुक्त, राजस्थान

माहितीसाठी व पाठिंब्यासाठी : महाराष्ट्रातील खासदार, ग्राहक संघटना आणि समस्त मोटारसायकलस्वार मंडळी

विषय : मोटारसायकलचा ब्रँड किंवा मॉडेल बंद झाल्यावर मालकांना सुटे भाग, दुरुस्ती आणि विम्याचे संरक्षण कायद्याने मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही जयपुरात राहणारे मोटारसायकलस्वार. नोकरी-व्यवसायासाठी पुणे, नागपूर, इंदूरकडून येऊन इथेच स्थायिक झालेली मराठी माणसे आमच्या संघटनेत बरीच आहेत. दिल्ली आणि जयपूरच्या कार्यालयांसाठी हे मागणीपत्र हिंदीत आहेच. मराठीत ते वेगळे लिहितो आहोत, कारण ग्राहकाने संघटित होऊन उत्पादकाला जाब विचारायचा, ही रीत या देशात ज्यांनी रुजवली त्यांत महाराष्ट्र पुढे होता. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. त्या अनुभवाची साथ आम्हाला हवी आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कोणती गाडी बनवायची आणि कोणत्या देशात विकायची, हे ठरवण्याचा कंपनीला पूर्ण अधिकार आहे. त्याला आमची हरकत नाही. पण विकलेली गाडी रस्त्यावर असेपर्यंत ती चालती राहील एवढी जबाबदारी कंपनीवर राहिलीच पाहिजे. आज ती कोणत्याही कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेली नाही.

२४ सप्टेंबर २०२० ची गोष्ट आठवा. ऐन अधिक महिन्यात, करोनाच्या सावटात, हार्ली-डेव्हिडसनने भारतातली विक्री आणि उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. कंपनीने २००९ मध्ये भारतात येण्याची घोषणा केली होती. २०११ मध्ये हरियाणातल्या बावलला जुळणीचा कारखाना सुरू झाला आणि २०१४ मध्ये स्ट्रीट ७५० ही गाडी तिथेच बनू लागली. तेव्हा दिल्लीत तिची शोरूम किंमत ४ लाख १० हजार रुपये होती. त्या किमतीमुळे पगारदार माणसानेही कर्ज काढून हार्ली घेण्याचे धाडस केले. जयपूरला तर बावल परके नव्हतेच. दिल्लीला जाता-येता महामार्गाला लागूनच ते गाव येते. जिथे आपली गाडी बनली तो कारखाना शेजारच्याच राज्यात आहे, हा खरेदीच्या वेळी मोठा दिलासा होता.

२०१९-२० या वर्षात कंपनीने भारतात अडीच हजारांहूनही कमी गाड्या विकल्या, असे तेव्हाच प्रसिद्ध झाले होते. एवढ्या विक्रीवर कारखाना चालत नाही, हे आम्हालाही कळते. आमचा आक्षेप घोषणेतल्या एका वाक्याला आहे. विक्रेत्यांचे जाळे कराराच्या मुदतीपर्यंत ग्राहकांना सेवा देत राहील, असे त्यात म्हटले होते. हा करार कंपनी आणि विक्रेता यांच्यातला. गाडीमालकाने तो कधी पाहिलेला नाही, त्याची मुदत केव्हा संपते हे त्याला कोणी सांगितलेले नाही. आपल्या गाडीचे आयुष्य दुसऱ्याच दोघांच्या कागदावर ठरलेले आहे, हे हजारो मालकांना त्या दिवशी प्रथमच समजले.

दसरा झाला २५ ऑक्टोबरला आणि २७ ऑक्टोबरला हीरो मोटोकॉर्पशी करार झाल्याचे जाहीर झाले. हीरो हार्लीच्या गाड्या विकेल, सेवा देईल, सुटे भाग पुरवेल. हे चांगले झाले आणि त्याबद्दल आम्हाला समाधान आहे. पुढे जुलै २०२३ मध्ये आलेल्या एक्स ४४० च्या घडणीत जयपूरजवळच्या कूकसच्या हीरोच्या संशोधन केंद्राचा वाटा आहे आणि ती नीमरानाला, म्हणजे राजस्थानातच बनते. याचा जयपूरकर म्हणून अभिमानही आहे. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक म्हणजे मधले ३३ दिवस मालकांनी कोणाकडे बघायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. दुसरी अधिक महत्त्वाची. हा करार दोन कंपन्यांच्या व्यापारी सोयीने झाला, कायद्याने भाग पाडले म्हणून नव्हे. तो झाला नसता तरी कोणावर काही कारवाई होऊ शकली नसती. यूएम या कंपनीच्या रेनेगेड गाड्या २०१६ पासून उत्तराखंडातल्या काशीपूरला बनत होत्या. २०१९ मध्ये तो कारभार थांबला. त्या गाड्यांच्या मालकांना कोणी हीरो भेटला नाही. एकाला वारसदार मिळाला आणि दुसऱ्याला नाही, हा निव्वळ नशिबाचा भाग झाला. लाखो रुपयांची खरेदी नशिबावर सोडायची का, हा आमचा प्रश्न आहे.

नाव परत आले म्हणजे गाडी परत आली, असेही होत नाही. एक्स ४४० एका सिलिंडरची, स्ट्रीट ७५० दोन सिलिंडरची. टाकीवरचे नाव एकच असले तरी एकीचा पार्ट दुसरीला बसत नाही.

आता प्रत्यक्ष काय होते ते सांगतो. आमच्या एका सदस्याच्या गाडीला चेन नव्हती, दातेरी पट्टा होता. कंपनीचे नाव इथे मुद्दाम देत नाही. सांभरकडून परतताना कच्च्या रस्त्यावरचा वाटाण्याएवढा खडा पट्टा आणि पुलीच्या मध्ये सापडला. पट्टा त्या दिवशी तुटला नाही. खड्याने पाडलेल्या भोकातून आतले धागे हळूहळू बाहेर आले आणि नंतर एका सकाळी गाडी जागच्या जागी उभी राहिली. चेन असती तर कोणत्याही पार्टवाल्याने दुपारपर्यंत बसवून दिली असती. पट्ट्याचे तसे नाही. दात्यांची संख्या, रुंदी, लांबी सगळे त्या मॉडेलचेच लागते. जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत लेथवर वाट्टेल ते बुश आणि स्पेसर करून देणारे कसबी कारागीर आहेत, पण पट्टा काही लेथवर होत नाही. मिस्त्रीने जुना पट्टा खिळ्याला टांगून ठेवला, नवा आला तर ताडून बघायला. गाडी कित्येक महिने झाकून उभी होती. बँकेचा हप्ता आणि विम्याचा हप्ता मात्र तारखेला कापला जात होता. सरकारचा कर तर पहिल्याच दिवशी भरलेला होता.

इथेच आमच्या मुख्य मागणीचे मूळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. राजस्थान सरकार त्यासाठी एकरकमी कर आगाऊ घेते. म्हणजे ही गाडी १५ वर्षे रस्त्यावर चालेल असे शासनानेच गृहीत धरले आहे आणि त्या गृहीतकावर पैसे वसूल केले आहेत. मग ती चालण्यासाठी लागणारे भाग तितकीच वर्षे मिळतील, हे पाहण्याचे कर्तव्यही शासनाचेच ठरते. ऑगस्ट २०२० मध्ये घेतलेल्या गाडीची नोंदणी २०३५ पर्यंत आहे. म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की, मॉडेलची शेवटची गाडी विकल्यापासून १५ वर्षे सुटे भाग आणि सेवा देणे उत्पादकाला किंवा आयातदाराला कायद्याने बंधनकारक करावे. नुसत्या हमीपत्रावर आमचा विश्वास नाही, कारण गाशा गुंडाळून गेलेल्या कंपनीकडून हमीपत्र वसूल कोण करणार? विक्री थांबवण्यापूर्वी रस्त्यावरील गाड्यांच्या प्रमाणात बँक हमी शासनाकडे ठेवावी. दुसरी कंपनी ही जबाबदारी लेखी स्वीकारत असेल तर हमी तिच्या नावे वर्ग व्हावी.

दुसरी मागणी पूर्वसूचनेची. विक्री बंद करण्यापूर्वी किमान १२ महिने जाहीर सूचना द्यावी, आणि त्या काळात गाडी घेणाऱ्याला हे मॉडेल बंद होणार असल्याचे बिलावरच लिहून द्यावे. भरघोस सवलत का मिळते आहे, हे जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

तिसरी मागणी तांत्रिक माहितीची, आणि ती फक्त हौशी स्वारांची नाही, गल्लीतल्या मिस्त्र्याचीही आहे. आजच्या गाडीचा दोष कानाने ऐकून कळत नाही. कंपनीचे स्कॅनर आणि सॉफ्टवेअर जोडल्याशिवाय इंजिनाचा संगणक काही सांगत नाही. काही अमेरिकी गाड्यांना इंची मापाचे पाने लागतात, तिथे आपला नेहमीचा मिलिमीटरचा पाना चालत नाही. विक्रेत्याचे शोरूम बंद झाले की हे स्कॅनर, ही अवजारे आणि ती वापरायला शिकलेला फिटर, तिन्ही एकदम नाहीसे होतात. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला होता, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दलच. ते प्रकरण पुढे न्यायालयांत गेले, पण आयोगाने मांडलेले तत्त्व आम्हाला पटते. ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल सुरू केले आणि वाहन क्षेत्राचा त्यात समावेश केला. पोर्टलवर माहिती टाकणे कंपनीच्या मर्जीवर राहिले तर त्याचा उपयोग नाही. मॉडेल बंद होताच दुरुस्ती पुस्तिका, वायरिंगचे नकाशे आणि दोष शोधण्याचे सॉफ्टवेअर खुले करणे सक्तीचे व्हावे, आणि कंपनी भाग पुरवत नसेल तिथे वाजवी स्वामित्वशुल्क घेऊन लघुउद्योगांना ते बनवण्याची परवानगी मिळावी. चाकण-भोसरीपासून राजकोट-लुधियानापर्यंत हे काम करू शकणारे कारखानदार आहेत.

येझदीचे उदाहरण आम्हाला कोणी देईल. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी म्हैसूर, बंगळूर, पुण्यातल्या शौकिनांनी त्या गाड्या चालत्या ठेवल्या, हे खरे आहे आणि त्या मंडळींबद्दल आम्हाला आदर आहे. पण ते यंत्र साधे होते, मिस्त्री ते उघडून समजून घेऊ शकत होता. कुलूपबंद सॉफ्टवेअरची गाडी नुसत्या जिद्दीवर चालत नाही.

चौथी मागणी विम्याची आहे. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ती नीट मांडतो. गाडीची विमा किंमत पहिली पाच वर्षे ठरलेल्या घसाऱ्याने काढली जाते : वर्ष ते दोन वर्षांत २० टक्के, मग ३०, ४०, ५०. मात्र इंडिया मोटर टॅरिफच्या नियमात एक अपवाद आहे. ज्या मॉडेलचे उत्पादन बंद झाले आहे, त्याची किंमत विमा कंपनी आणि ग्राहक यांच्यातल्या समजुतीने ठरते. ही समजूत कशी होते, हे ज्याने नूतनीकरणाच्या वेळी घासाघीस केली आहे त्याला विचारा. दीड वर्षाची गाडी, एक ओरखडा नाही, आणि केवळ कंपनीने मॉडेल बंद केले म्हणून तिची किंमत चर्चेचा विषय होते. हा अपवाद पाच वर्षांच्या आतील गाड्यांसाठी रद्द करावा. तसेच, भाग मिळत नाही म्हणून दुरुस्ती अडली असेल तर विमा कंपनीने ठरावीक मुदतीत भरपाई द्यावी.

पाचवी मागणी विक्रेत्यांच्या आणि कामगारांच्या बाजूने आहे. हार्लीचे भारतात तीसहून अधिक विक्रेते होते. त्यांची गुंतवणूक बुडाल्याचे आणि नोकऱ्या जात असल्याचे विक्रेत्यांच्या महासंघाने, फाडाने, तेव्हाच सांगितले होते आणि विक्रेता संरक्षण कायद्याची मागणी केली होती. आम्ही तिला पाठिंबा देतो, आणि त्यात आमचाही स्वार्थ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८६ नुसार, सदोष मालाच्या दाव्यात उत्पादकाला नोटीस बजावता येत नसेल तर जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. म्हणजे कंपनी निघून गेली की तिचे ओझे, आधीच बुडालेल्या विक्रेत्याच्या डोक्यावर. त्याच्याकडून आम्हाला काय मिळणार? याच संदर्भात, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली सदोष वाहने परत बोलावण्याची जी तरतूद आहे, ती देश सोडून गेलेल्या कंपनीबाबत कशी अमलात येईल, हेही मंत्रालयाने स्पष्ट करावे. ब्रेकमधला दोष कंपनी गेल्यावर उघड झाला तर?

राजस्थान परिवहन विभागाकडे वेगळी विनंती एकच. सुटा भाग उपलब्ध नसल्याने गाडी कायमची बंद करून नोंदणी रद्द करावी लागली, तर उरलेल्या वर्षांचा कर परत मिळावा.

मोठ्या मोटारसायकलींवरच्या आयात शुल्कावर भारत आणि अमेरिका यांच्यात किती वर्षे चर्चा चालली, हे सर्वांनी पाहिले. २०१८ मध्ये ते ५० टक्क्यांवर आले, २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसी आणि वरच्या गाड्यांसाठी ३० टक्क्यांवर आले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीवरच्या गाड्यांवर वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. दोन्ही निर्णयांत कंपन्यांचा विचार झाला, महसुलाचा विचार झाला. गाडी विकत घेऊन हे सारे कर भरणाऱ्या माणसाचा विचार अजून व्हायचा आहे.

वरील मागण्यांवर सर्व संबंधितांची संयुक्त सुनावणी जयपूर किंवा दिल्लीत घ्यावी आणि आम्हाला बाजू मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती. महाराष्ट्रातल्या स्वार मित्रांना सांगणे असे की, सुट्या भागाअभावी ज्यांची गाडी उभी आहे त्यांनी आरसीची प्रत, भागाची मागणी नोंदवल्याची तारीख आणि मिळालेले लेखी उत्तर जपून ठेवावे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत आपल्या खासदाराला द्यावी. तोंडी तक्रारीची कुठेच नोंद होत नाही. प्रत्येकाने आपली तक्रार लेखीच द्यावी.

आपले विश्वासू,
जयपूर येथील मोटारसायकलस्वार संघटनेचे सर्व सदस्य