शिकाऱ्याचे शिसे आणि गिधाडाचे मरण

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत शिकारीचा हंगाम जवळ आला की घरोघरच्या मेजांवर काडतुसे भरण्याचे काम सुरू होते. एकदा उडालेले पितळी कोश पुन्हा वापरात घ्यायचे, त्यांत नवी टोपी बसवायची, दारू तराजूवर तोलून भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची, हा तेथील असंख्य शिकाऱ्यांचा आवडता उद्योग आहे. तो केवळ काटकसरीसाठी चालत नाही. आपल्या रायफलीला नेमके मानवेल असे काडतूस आपणच सिद्ध करावे आणि हरीण किंवा एल्क एकाच गोळीत, तडफड न होता पडावे, ही त्यामागील भावना असते. शिकारीविषयी कोणाचे मत काहीही असो, या भावनेत जबाबदारीचा अंश आहे, हे नाकारता येणार नाही. प्रश्न एवढाच, की जनावर पडताच ही जबाबदारी संपते काय?

शिकारीच्या रूढ गोळीत शिशाचा गाभा असतो आणि त्यावर तांब्याचे पातळ कवच. वेगाने हाडामांसावर आदळताच मऊ शिसे फुटते आणि त्याचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात विखुरतात. शिकारी मांस घरी नेतो, आतडी रानातच टाकतो. त्यावर काँडोर हे प्रचंड गिधाड उतरते. त्याच्या जठरातील तीव्र आम्लात शिसे विरघळते आणि रक्तात भिनते. १९८२ साली जगात अवघे २२ काँडोर उरले होते. १९८७ मध्ये रानातील अखेरचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात ठेवावा लागला. १९९२ पासून त्यांना पुन्हा मोकळे सोडण्यात येऊ लागले आणि आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे. तथापि रानातील काँडोरच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आजही शिशाची विषबाधा हेच आहे. जो पक्षी साधारणतः दोन वर्षांत एकच अंडे घालतो, त्याला असे मरण फार काळ परवडणारे नाही.

कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी झाली. शेजारच्या ॲरिझोनाने सक्ती टाळली; २००५ पासून काँडोरच्या प्रदेशातील शिकाऱ्यांना शिसेविरहित काडतुसे फुकट देऊ केली आणि बहुसंख्यांनी ती आनंदाने स्वीकारली. बंदीच्या आडून शिकारच बंद करण्याचा डाव आहे, असा संशय शिकाऱ्यांच्या मनात असतो. ॲरिझोनाच्या मार्गाने तो संशय निदान वाढत नाही. आपल्याकडे गिधाडांचा काळ ठरलेल्या डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली, तेव्हा गुरांसाठी मेलॉक्सिकॅमसारखे निर्धोक औषध हाताशी होते. पर्याय हाती असला की मन वळवणे सोपे जाते.

येथे पर्याय तांब्याचा आहे. अखंड तांब्याची गोळी आदळल्यावर पाकळ्यांसारखी उमलते, फुटत मात्र नाही. तिचे बहुतेक वजन शाबूत राहते. घरी काडतुसे भरणाऱ्यांची तक्रार अशी की वर्षानुवर्षे बसवलेले गणित यामुळे मोडते. ती खोटी नाही. शिसे तांब्यापेक्षा सुमारे सव्वापट जड; म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, कोशात अधिक जागा अडवते आणि दाब वाढवू शकते. जुने प्रमाण जसेच्या तसे वापरणे धोक्याचेच. गोळी हलकी घ्यावी लागते, नव्या कोष्टकातील किमान प्रमाणापासून पुन्हा आरंभ करावा लागतो आणि ती उमलावी म्हणून पुरेसा वेगही राखावा लागतो. पण हाच तर या मंडळींचा छंद! दारूच्या कणाकणाचा हिशेब ठेवणाऱ्याने ‘नवे गणित कोण मांडणार’ असे म्हणावे, हे विचित्र आहे. दुकानातील तयार काडतुसावर अवलंबून असलेल्या गरीब शिकाऱ्याची महागाईची तक्रार त्याहून अधिक सहानुभूतीने ऐकली पाहिजे.

शिवाय विषय गिधाडापुरता नाही. २००८ साली नॉर्थ डकोटामध्ये गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि अन्नदान केंद्रांना तो फेकून देण्यास सांगावे लागले. घरी नेलेले मांस शिकाऱ्याची मुलेबाळेच खातात, आणि शिशाचा सर्वाधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो. असे असूनही राष्ट्रीय अभयारण्यांत शिसे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा जानेवारी २०१७ मधील आदेश नव्या सरकारने मार्चमध्येच मागे घेतला. दिल्लीत काय नि वॉशिंग्टनमध्ये काय, पक्षी मतदान करीत नाहीत. तेव्हा आरंभ त्या घरातल्या मेजावरूनच व्हावयास हवा, आणि इतर राज्यांनी ॲरिझोनासारखी मदत देताना ती तयार काडतुसांपुरती न ठेवता तांब्याच्या सुट्या गोळ्यांनाही द्यावी.